वॉलॉंगॉंगमार्गे पोर्तुगाल

पोर्तुगाल मी अजून पाहिलेला नाही. पण सेतुबालपासून साग्रेशपर्यंत समुद्राच्या कडेकडेने जाणाऱ्या सायकलच्या वाटेवर कुठे दमछाक करणारा चढ आहे, कुठे डांबर संपून खडी सुरू होते आणि कुठल्या गावात भर दुपारी पाण्याची बाटलीसुद्धा मिळत नाही, हे मला पाढ्यांसारखं पाठ आहे. ही विद्या आता माझ्या काडीच्या उपयोगाची नाही.

दहा दिवसांचा तो मार्ग मी आणि माझ्या मित्राने मिळून आखला होता. मिळून म्हणजे मी आखला आणि त्याने नावं ठेवली. आम्ही दोघे ॲडलेडजवळच्या मॉसन लेक्सला युनीत शिकायला आलो तेव्हापासूनचे मित्र. तो सांगलीचा, मी डोंबिवलीचा. बसची वाट बघून कंटाळलो म्हणून जुन्या सायकली घेतल्या आणि बघता बघता नाद लागला. त्याला चढ आवडायचे. समोर टेकडी दिसली की हा गडी चेकाळायचा. मला चढ आवडत नसत, मला नकाशे आवडत. त्यामुळे आमचं जमलं.

पुढे मला वॉलॉंगॉंगच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली आणि तो ॲडलेडलाच राहिला. पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, झाली की पोर्तुगाल, असं आम्ही ठरवून टाकलं होतं. आमच्या पिढीच्या विद्यार्थ्यांचं सगळंच पीआर झाल्यावर असतं. लग्न पीआर झाल्यावर, आईबाबांना इकडे बोलावणं पीआर झाल्यावर, दुखरी दाढ दाखवणंसुद्धा पीआर झाल्यावर. माझी आधी झाली, त्याची दीड वर्षाने. मग २०२०च्या मे महिन्याची तिकिटं काढली, आणि मार्चमध्ये देशाची दारं बंद झाली. येणाऱ्यांसाठी तर झालीच, जाणाऱ्यांसाठीही झाली. इतकी वर्षं ज्या देशात राहायला मिळावं म्हणून फॉर्म भरले, त्याच देशातून बाहेर पडायला परवानगीचा फॉर्म भरायची पाळी आली. याचा मला आलेला राग अजून पूर्ण गेलेला नाही.

शनिवारची कल्पना माझी. दर शनिवारी पोर्तुगालच्या एका टप्प्यात जेवढे मीटर चढ, तेवढे मीटर आपापल्या गावात चढायचे. तो ॲडलेडच्या मागच्या डोंगरातल्या रस्त्यावर, मी माउंट कीराच्या रस्त्यावर, दोघांच्या कानात फोन. निम्म्या वेळेला फक्त एकमेकांचं धापा टाकणं ऐकू यायचं. माथ्यावर पोचलो की "आलं मिल्फोन्तेश" असं त्या टप्प्याचं गाव जाहीर करून तो केळं खायचा आणि मी राजगिऱ्याचा लाडू. खाली मला वॉलॉंगॉंगचा समुद्र दिसायचा आणि त्याच्या कडेला पोर्ट केम्बलाच्या कारखान्याचा धूर. मी समुद्र तेवढा पोर्तुगालच्या हिशेबात धरायचो.

राईड संपली की सांगलीला व्हिडिओ कॉल. माझ्याकडचे अकरा म्हणजे तिथले सकाळचे साडेसहा. त्याचे बाबा निवृत्त भूगोलाचे मास्तर. त्यांनी पोर्तुगालच्या किनाऱ्याचा नकाशा स्वतःच्या हाताने कार्डशीटवर काढला होता आणि दर शनिवारी चहा पीत आमचा टप्पा त्यावर पेन्सिलने पुढे सरकवायचे. मला "काय सर्व्हेअर" म्हणून हाक मारायचे. माझी वाट नदी कुठे ओलांडते याची चौकशी करायचे आणि पूल नसला तर मला झापायचे. पहिला पोर्तुगाल पुरा झाल्यावर त्यांनी आम्हाला स्वस्थ बसू दिलं नाही, म्हणाले, आता दुसऱ्यांदा जा, त्या वेळी तुम्ही घाई केलीत.

त्या दुसऱ्या फेरीत, २०२१चा एप्रिल संपत आला असताना, एका मंगळवारी दुपारी मला काकूंचा, म्हणजे त्याच्या आईचा, फोन आला. मी जेवणाच्या सुट्टीत होतो. काकांना तीन दिवस ताप होता, आता ॲडमिट केलं होतं, ऑक्सिजन लावला होता. तू हॉस्पिटलमध्ये आहेस म्हणून तुला विचारते, असं म्हणून त्यांनी रिपोर्टांचे फोटो पाठवले आणि शेवटी म्हणाल्या, "त्याला यातलं काही सांगू नकोस हं. धावत येईल आणि इथेच अडकेल. ह्यांना बरं वाटलं की मीच सांगेन."

आपल्याकडे हे नवीन नाही. परदेशातल्या मुलाला आजारपण कळवायचं ते निकाल लागल्यावर. आजारी माणूस बरा झाला तर हसत हसत, नाही तर एकदमच. आम्ही मुलंही तसलीच. मी माझ्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनची बातमी टाके निघाल्यावर घरी दिली होती आणि वर शहाणपणाचं काम केलं असं मला वाटलं होतं. त्यामुळे काकूंचं म्हणणं मला जराही विचित्र वाटलं नाही. मी "हो काकू" म्हणालो.

मग मी रिपोर्ट पाहिले. मी डॉक्टर नाही, पण असले आकडे रोज माझ्या मशीनमधून निघतात. ते चांगले नव्हते. दुसऱ्या दिवशीचे त्याहून वाईट होते. काकूंना मी सांगितलं की वेळ लागेल, पण होईल सगळं ठीक.

शनिवारी आम्ही झांबुजेराहून ओडेसेशला निघालो. तो नेहमीसारखाच मजेत होता, माझ्या मार्गाला शिव्या घालत होता. राईडनंतर कॉल लावला तर काकू एकट्याच. बाबा दूध आणायला गेलेत म्हणाल्या. त्यांचा चेहरा बघून मी माझा कॅमेरा बंद केला. कॉल संपल्यावर तो मला म्हणाला की बाबा कधी टप्पा चुकवत नाहीत, काही गडबड तर नाही ना. मी म्हणालो, "अरे लॉकडाउन आहे तिथे, रांग असेल दुधाला. चिल." त्याला पटलं. माझ्यावर त्याचा विश्वास होता.

त्या दिवशी काका शुद्धीवर होते, बोलत होते, त्यांचा फोन त्यांच्या उशाशी होता. दुपारी काकूंचा मला मेसेज आला. काकांनी विचारलं होतं, पोरं कुठवर पोचली. मी काकूंना लिहिलं, ओडेसेशला. त्यांनी ते काकांना कळवलं. म्हणजे बापाचा मुलाबद्दलचा प्रश्न सांगलीच्या वॉर्डातून निघून वॉलॉंगॉंगला माझ्याकडे आला आणि माझ्याकडूनच उत्तर घेऊन परत गेला. मुलगा तेव्हा ॲडलेडला सायकल धूत बसला होता. काकांना हे सांगितलं याचं मला तेव्हा समाधान वाटलं होतं. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

सोमवारी काकांना व्हेंटिलेटरवर ठेवलं. पुढच्या शनिवारी आम्ही अल्जेझूरपर्यंत चढलो. मी त्याच्याशी चेन बदलण्याविषयी बोललो. रविवारी काका गेले.

त्याला बातमी चुलतभावाने दिली. त्याने लगेच मला फोन केला आणि मला ते आधी सांगितलं, जसं मला काहीच माहीत नसणार. मी रडलो. रडणं खरं होतं, पण तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. अंत्यविधी त्याने फोनवर पाहिला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी आणि बाजूला तशाच वेषातली चार माणसं. त्यानंतर त्याने देशाबाहेर जायच्या परवानगीचा अर्ज केला आणि ती चौथ्या दिवशी आली. काकूंचा पहिला फोन आणि काकांचं जाणं यांत बारा दिवस होते. मी हे गणित इतक्यांदा केलं आहे की आता करायची गरज उरलेली नाही. आणि जाता आलं नसतं तरी सहा दिवस बापाच्या उशाशी फोन होता.

मला सगळं माहीत होतं हे त्याला काकूंकडूनच कळलं. त्या बिचाऱ्या सहज बोलून गेल्या की तुझा मित्र रोज रिपोर्ट बघत होता, फार आधार वाटला. त्याने माझे फोन घेणं बंद केलं. काही दिवसांनी काकूंचा मला फोन आला आणि त्या म्हणाल्या, "मी वेडी, मी घाबरलेली. तू तरी सांगायचंस रे त्याला." मला त्यांचा संताप आला. गप्प राहायला सांगणाऱ्या त्या, आणि आता तूच का गप्प राहिलास म्हणून विचारणाऱ्याही त्याच. पुढे वर्षभर मी हा संताप जपून वापरला. कुणी मित्राबद्दल विचारलं की मी काकूंच्या सांगण्याची गोष्ट सांगायचो आणि ऐकणारे म्हणायचे, तुझा काय दोष, मोठ्यांचा शब्द कसा मोडणार.

२०२२च्या एप्रिलमध्ये, राज्यांच्या हद्दी आणि देशाची दारं उघडून काही महिने झाल्यावर, मी न कळवता ॲडलेडला गेलो. रविवारची सकाळ होती. तो गॅरेजमध्ये सायकल खोक्यात भरत होता. पुढचं चाक काढून फ्रेमला बांधलं होतं, हँडल आडवं फिरवलं होतं. मला पाहून त्याने पाना खाली ठेवला नाही.

"थर्सडेला निघतोय," तो म्हणाला. "पोर्तुगाल. रूटची फाईल तुझीच वापरतोय."

एकटाच जातोयस का, असं मी विचारलं. तो हो म्हणाला. मग मी वर्षभर घोटून ठेवलेलं सगळं बोललो. काकूंनी कसं बजावलं होतं, विमानं कशी बंद होत होती, तो तिथे अडकला असता, त्यालाही झालं असतं, मी त्याच्याच भल्यासाठी गप्प राहिलो. त्याने ऐकून घेतलं. पेडल काढून कागदात गुंडाळलं.

"आई घाबरली होती, म्हणून खोटं बोलली," तो म्हणाला. "तिला मी काही बोललो नाही. तू नव्हतास घाबरलेला. तुला रिपोर्ट वाचता येत होते. तुला शनिवारची राईड बुडवायची नव्हती. दॅट्स ऑल."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मला तो मंगळवार आठवला. रिपोर्ट पाहिल्यावर मी त्याचा नंबर काढला होता. बोट त्यावर होतं. तेव्हा मला वाटलं की आत्ता सांगितलं तर हा सांगलीला जाईल, महिनोन् महिने परत येऊ शकणार नाही आणि मी इथे एकटा पडेन. त्या दिवसांत मी लॅब ते घर आणि घर ते लॅब एवढंच जगत होतो, आठवडाभरात माझ्याशी माणसासारखं बोलणारा तो एकच होता, तेही शनिवारी, चढावर. काकूंनी गप्प राहायला सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही, आणि या माणसाला ते तिथे नसताना दिसलं होतं.

"हो," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. खोक्याचं झाकण एकट्याने दाबून बसत नव्हतं म्हणून त्याने मला एक बाजू धरायला सांगितली. मी गुडघे टेकून धरली आणि त्याने सगळीकडून चिकटपट्टी लावली. ते झाल्यावर त्याने हात पुसले, फोन काढला आणि टॅक्सी बोलावली. माझ्यासाठी.