क्लेमचा हरवलेला आवाज

मेलबर्नजवळच्या जिलाँगमधल्या लोकरीच्या गिरणीत मर्ल ट्रेझाइज माझ्या शेजारच्या मागावर होती. त्या खडखडाटात आम्ही सगळ्याच जणी ओठ बघून बोलायचो, त्यामुळे तिचे कान जाताहेत हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. तिच्याही नाही. बहिरेपण आईकडून आलेलं होतं, गिरणीने ते वाढवलं. गिरणी बंद पडली तोवर दोन्ही कान गेल्यात जमा होते.

काही वर्षांनी मेलबर्नच्या डॉक्टरांनी एका कानाच्या आत तारा बसवून बाहेर ऐकण्याचं यंत्र लावायचं सुचवलं. त्या कानाचं उरलंसुरलं ऐकणंही जाईल, हे त्यांनी आधीच सांगितलं. मर्ल कबूल झाली. जखम भरल्यावर यंत्र सुरू करायला नवरा क्लेम आणि मी तिच्यासोबत गेलो.

"ऐकू येतंय का गं?" क्लेमने विचारलं.

मर्लचा चेहरा पांढराफटक पडला. पत्र्यावर खिळे ओतावेत तसं काहीतरी तिला ऐकू आलं होतं. त्यात शब्द नव्हते.

यंत्र लावून देणाऱ्या बाईने समजावलं, की तारा फक्त विजेचे ठोके पाठवतात, त्यांचे शब्द मेंदूने करायचे. पण मेंदूतली ऐकण्याची जागा एवढी वर्षं रिकामी होती, तिथे बघण्याने हातपाय पसरलेत. सराव केला तर ती जागा पुन्हा मोकळी होईल. किती, ते आज सांगता येत नाही.

घरी आल्यावर खरी भीती सुरू झाली. इतकी वर्षं क्लेमचे ओठ वाचताना मर्लच्या डोक्यात त्याचाच आवाज उमटायचा, तंबाखूने खरवडलेला. आता तिथे फक्त खिळे. यंत्र काढून ठेवलं तरी तो आवाज परत येईना.

"तो मेला असता तरी त्याचा आवाज माझ्याकडे राहिला असता," ती मला म्हणाली. "आता माणूस समोर बसलाय आणि आवाज गेलाय. काय करून बसले मी?"

तरी सराव चालू राहिला. ओठ दिसू नयेत म्हणून क्लेम तोंडापुढे वर्तमानपत्र धरून फुटबॉलच्या बातम्या वाचायचा, तिने ते म्हणून दाखवायचं. चुकली की तो चिडवायचा, "मी मटण म्हणतोय बाई, तू बटण काय देतेस!"

उन्हाळा आला. मर्ल अंगणात पाठमोरी वाकून सरपण उचलत होती, आम्ही दोघं पडवीत चहा घेत होतो. क्लेमने कप खाली ठेवला. तिच्या बुटापाशी विषारी, पट्टेरी वाघसाप फणा काढत होता. धावलं तर तो डसला असता.

"मर्ल," क्लेम म्हणाला, "हलू नकोस. पायाशी साप आहे."

तिच्यापर्यंत पोचलं की नाही, आम्हाला काहीच कळेना. हातात ओंडका धरून मर्ल तशीच वाकलेली राहिली. सापाने फणा खाली केला, बुटाला घासून तो लाकडांखाली गेला. मग क्लेमने जाऊन तिला मागे ओढलं.

पडवीत बसल्यावरही ती थरथरत होती. सापाची भीती आहे, असं आम्हाला वाटलं.

"सगळे शब्द ऐकू आले," ती म्हणाली. "पण बोलणारा कोणी परका होता."

पुढे मर्ल दिवसभर यंत्र लावू लागली. फोनवर बोलायला लागली, मुलीशी भांडायलाही. गर्दीत मात्र अजून माझी बाही घट्ट धरते. आणि मधूनच मला बाजूला घेऊन विचारते, क्लेम पूर्वी असाच बोलायचा का? मी हो म्हणते. तिला ते पटत नाही.