पडद्यावरची जास्वंद

घरात मयत झाली की एकट्या पडलेल्या बाईजवळ कुणीतरी सोबतीला झोपावं, ही फुलसावंगीची रीत. अन् सोबत म्हटली की विमलताई. कापूस बुडत गेला, घरोघरची माणसं जीव देऊ लागली, त्या वर्षांत या बाईची वळकटी स्वतःच्या घरी क्वचितच उलगडली. दुसऱ्यांना थोपटता थोपटता तिची स्वतःची झोप उडाली, ती उडालीच.

पुतण्या नयन, तिनंच वाढवलेला, दिग्रसला मेंदूच्या लहरींवरून झोप सुधारायचं केंद्र चालवायचा. त्यानं तिच्या डोक्याला वायर अन् कानाला वायरीचा चिमटा लावून तिला पडद्यासमोर बसवलं. "काकू, भेऊ नोको. ह्या वायरी करंट देत नाई, फक्त डोक्यातल्या लहरी टिपतात. मन निवलं का पडद्यावरची जास्वंद उमलते, तानलं का मिटते. पाह्यता पाह्यता मेंदू शिकते. महिने लागतात. कोनाले गुन येते, कोनाले नाई. डॉक्टरची गोळी मात्र सोडू नोको."

पहिल्या दिवशी नुसतं डोकं जड झालं. जास्वंद मोठी आडमुठी! विमलताईनं जबडा सैल सोडला, श्वास लांबवला. हळूहळू पाकळ्या हलल्या, पुढं रात्री डोळाही लागू लागला. मग काय विचारता! जिथं जिथं सोबतीला झोपली, तिथल्या बायांना तिनं एसटीत बसवून नेलं. कापसाच्या जिनिंग गिरणीच्या आगीत नवरा गमावलेली हलीमा तर केवळ तिच्या शब्दावर आली.

एके दिवशी हलीमाचा नंबर आटोपला, ती बाहेर बसली. आत विमलताई. परगावी जायचं तर डोक्याला चापून तेल, ही तिची जन्माची सवय. तेलकट पाळीवरून कानाचा चिमटा सटकला अन् मांडीत पडला. फूल उमलतच राहिलं. तिनं डोक्यावरची वायरही उपटली. तरी फूल आपलं पूर्ण उमललं!

"नयन, हे कोनाच्या डोक्यानं उमलून राह्यलं?"

नयनची मान खाली. "मशीन उन्हाळ्यातच बिघडली, काकू. तवापासून सगळ्यायले फुलाचं रेकॉर्डिंगच दाखवतो. पन तुले झोप तर लागली ना?"

"चुलीत गेली झोप! तोंडातला घास काढून तुले वाढवलं, अन् तू केसानं गळा कापला? माह्या शब्दावर आल्या रे त्या बाया!"

विमलताई बाहेर आली तशी हलीमा हसत उठली. "ताई, आज तो पूरा खिल गया मेरा फूल!"

विमलताईनं एसटीत तिला सगळं सांगितलं. हलीमा उठून पुढच्या सीटवर जाऊन बसली.

दिवेलागणीला विमलताई वळकटी घेऊन हलीमाच्या दारी गेली. आत दिवा होता. तिनं दोनदा हाक मारली. हलीमानं दार उघडलं नाही.