ओळख न दाखवण्याचे व्रत

विद्यापीठाच्या मुख्य इमारतीच्या मागल्या अंगाला, जिथवर रंगाऱ्याचा हात कधी पोहोचला नव्हता, तिथे बाईंची खोली होती. गुण वारंवार घसरल्यामुळे ज्यांचे शिक्षण स्थगित झाले आहे, अशा विद्यार्थ्यांना पुन्हा वर्गात नेऊन बसवणे हे त्यांचे कार्य. 'नापास का झालास?' असे त्यांनी कधी कुणाला विचारले नाही. 'सकाळी जाग आल्यावर पहिला विचार कसला येतो?' एवढेच विचारीत आणि उत्तर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसत. मग ज्या विषयाने पोराला बुडवले, त्याच विषयाच्या प्राध्यापकांकडे त्याला स्वतः घेऊन जात.

या कार्याला एक अलिखित व्रत जोडलेले होते. खोलीबाहेर भेटलेल्या विद्यार्थ्याला आपण होऊन ओळख दाखवायची नाही. कारण बाईंची ओळख निघाली, की त्याच्या पडत्या काळाचीही निघणार. सावरलेली मुले रस्त्यात मान वळवून जात, आणि बाईही दुकानावरची पाटी निष्ठेने वाचू लागत. पूर्वी पाहिलेले समोर येताच 'हाच तो' असे मन म्हणते, त्याला शास्त्रकार प्रत्यभिज्ञा म्हणतात. बाईंच्या वाट्याला ती उदंड आली; ओठांवर आणण्याची मुभा तेवढी नव्हती.

शेजारचा कारकून म्हणे, "मॅडम, तुमच्या गॅरेजातून गाडी दुरुस्त होऊन निघाली, की साधा हॉर्नसुद्धा वाजवत नाही!"

"ब्रेक लागले तरी पुष्कळ झालं," बाई म्हणत आणि हसत. ते हसू घरापर्यंत पुरत नसे. घरी बोलायला भिंती होत्या, आणि अधूनमधून येणारी, दिवंगत भावाची एकुलती एक मुलगी.

एका रविवारी ही भाची आपल्या होणाऱ्या नवऱ्याला घेऊन आली. बाईंनी दार उघडले आणि त्यांचा हात कडीवरच राहिला. दोनदा शिक्षण स्थगित झालेला, वर्षभर दर सोमवारी खोलीत येऊन बसणारा, प्राध्यापकांना पाहताच पळालेला आणि बाईंनी सायकलींच्या गर्दीतून शोधून आणलेला, हाच तो! त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. भाचीला यातले काही ठाऊक नाही, हे बाईंना तेवढ्यावरूनच उमगले.

"आत्या, आत घेतेस, की दारातच मुलाखत?"

चहा झाला. भाचीच्या बोलण्याला खळ नव्हता. "याचं सगळं कसं सरळ रेषेत गं! कुठे म्हणून अडखळला नाही. नाहीतर मी, गणितात तीनदा लोटांगण!"

तो कपात पाहत राहिला. याचे लग्न, हिचा विश्वास, दोन्ही आपल्या एका शब्दावर टांगलेले आहेत, हे बाईंना कळत होते. तरीही मनाच्या तळाशी एक याचक बसलाच होता: याने एकदा तरी म्हणावे, या बाईंना मी ओळखतो.

"अरे, तू हिच्याच विद्यापीठात शिकलास ना?" भाचीला एकाएकी आठवले. "आत्याला कधी पाहिलं नाहीस?"

त्याने कप खाली ठेवला. मान वर केली. ओठ विलग झाले. पण बाईंची जीभ सवयीने पुढे धावली, "एवढ्या मोठ्या आवारात कोण कुणाला भेटतं गं!"

त्याचे ओठ मिटले. तो काय बोलणार होता, हे ऐकायला आपण अर्धे आयुष्य थांबलो होतो आणि आपणच ते अडवले, हे ध्यानात येईपर्यंत भाची पडद्यांच्या रंगांवर पोहोचली होती.

निघताना तो वाकून म्हणाला, "येतो, मॅडम."

"मॅडम काय, वेड्या! आत्या म्हण," भाचीने दटावले.

"येतो... आत्या."

नात्याने जवळ आला, आणि तेवढाच परका झाला.

दोघे जिना उतरू लागले. भाचीचा आवाज वर आला, "मॅडम का रे म्हणालास?" पावले मधल्या वळणावर थांबली. मग त्याचा आवाज, खालच्या पट्टीतला, अडखळता, न संपणारा. शब्द कळत नव्हते. कठड्यापर्यंत चार पावले टाकली असती तर कळले असते.

बाईंनी दार अलगद लावून घेतले.