झडतीवाल्याचे गलबत

कुलपांच्या कारखान्याच्या फाटकावर हा माणूस एकतीस वर्षे उभा राहिला. पाळी सुटली की कामगार एकेक करून त्याच्यासमोर येत, हात वर करत, आणि हा त्यांचे खिसे, कंबर, डब्याचे झाकण, छत्रीच्या घड्या चाचपून पाही. कुलूप लहान, किल्ली त्याहून लहान, आणि माणसाच्या अंगावर लपवायच्या जागा पुष्कळ. त्या सगळ्या त्याला पाठ होत्या. कामगार त्याला चाळणी म्हणत. तोंडावर नाही, पण त्याला ऐकू जाईल इतक्या जवळून. तो रागावत नसे. उलट त्या दिवशी घरी जाताना त्याची मान जरा ताठच असे.

त्याची स्वतःची एक रीत होती. डोळ्यांत बघायचे नाही, डोळे खोटे बोलायला शिकलेले असतात. पावले बघायची. फाटक दहा हातांवर आले की ज्याची पावले उगाच लहान होतात, त्याला बाजूला घ्यायचे. या रीतीने त्याने किती जण पकडले हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होते. किती जणांना विनाकारण थांबवले, हे कुणी मोजले नव्हते. त्याने तर नाहीच.

असा हा माणूस घरी गलबत बांधत होता.

कारखान्यातला साचे करणारा म्हातारा सुतार निवृत्त झाला, तेव्हा जाताना त्याने एक जुना आराखडा याच्या हातात ठेवला. तीन डोलकाठ्यांचे शिडाचे गलबत होते ते. तळाच्या कण्यापासून टोकावरच्या निशाणापर्यंत प्रत्येक तुकडा मापासकट काढलेला. "माझी बोटं थरथरतात आता," सुतार म्हणाला. "तुझी नाही थरथरत. इतकी वर्षं माझे खिसे तपासतोयस, मला माहीत आहे."

समुद्र याने कधी पाहिला नव्हता. पण आराखड्यात लपवाछपवी नव्हती, सगळे उघड मांडलेले होते, आणि तेच त्याला आवडले असावे. एका मोडक्या कपाटाचे लाकूड त्याने चिरले. कणा उभा केला, त्यावर फासळ्या बसवल्या. मग काडीएवढ्या जाड पट्ट्या गरम पाण्यात भिजवायच्या, मऊ झाल्या की फासळ्यांवरून वाकवायच्या आणि टाचण्यांनी धरून ठेवायच्या. एक डावीकडे लावली की पुढची उजवीकडेच. एकाच अंगाला दोन लावल्या तर सगळा सांगाडा पीळ खातो. रोज संध्याकाळी एक पट्टी, सुट्टीच्या दिवशी तीन. घाई नाही. अडीच वर्षांनी गलबताला पोट आले, पाठ आली, आणि ते टेबलावर असे बसले की खोलीत शिरणाऱ्याने आवाज खाली आणावा.

मग दोरांचे काम निघाले. मसुरीच्या दाण्याएवढ्या लाकडी कप्प्या त्याने एकशे चाळीस केल्या, प्रत्येकीला सुईने भोक. पांढरा सुती दोरा कोऱ्या चहात बुडवून वाळवला, म्हणजे खऱ्या दोरखंडाचा रंग येतो. सुताराने बजावले होते, "बांधायच्या आधी दोरा मेणातून ओढून घे." याने एक हात दोरा ओढून पाहिला. मेणाने रंगावर डाग पडले, धूळ चिकटली. त्याने मेणाचा तुकडा खिडकीतून टाकून दिला.

"मेण आळशी माणसांसाठी असतं," तो बायकोला म्हणाला. "गाठ नीट मारली की झालं."

बायको भांडी पुसत होती. "तुम्ही म्हणाल ते," ती म्हणाली. हे वाक्य तिने लग्नात जे उचलले, ते अजून खाली ठेवले नव्हते.

याच सुमाराला ताई राहायला आली. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. नवरा वारला, भाड्याची जागा सुटली, आणि एक पत्र्याची पेटी व एक जड इस्त्री घेऊन ती भावाच्या दारात उभी राहिली. तिला जायला दुसरी जागा नव्हती. हे तिला माहीत होते, भावाला माहीत होते, म्हणूनच दोघे त्याबद्दल कधी बोलत नसत. पण ती बसून खाणारी बाई नव्हती. इमारतीतल्या लोकांचे कपडे ती इस्त्रीला घेऊ लागली. मागच्या खोलीत खिडकीपाशी लांब टेबल होते. त्याच्या एका टोकाला गलबत, दुसऱ्या टोकाला ताई, सोमवारी आणि गुरुवारी.

"ताई, टेबलाला धक्का नको लागायला."

"अरे, लहानपणी तू चिखलाचे बैल करायचास, त्यांनाही मी कधी हात लावला नाही."

"लावला होतास. एकाचं शिंग मोडलं होतं."

"पन्नास वर्षं झाली त्याला."

"शिंग मोडलं होतं," तो म्हणाला.

ताई आल्यावर दुसऱ्याच महिन्यात त्याला ते दिसले. सोमवारी संध्याकाळी कामावरून येऊन त्याने पाहिले, तर पुढच्या डोलकाठीचे दोर तारेसारखे ताठ. त्याने तर ते जरा सैल सोडले होते. बुधवारी पाहिले तर तेच दोर लोंबत होते. गुरुवारी संध्याकाळी पुन्हा ताठ. त्याने गाठी सोडून नव्याने बांधल्या. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. मंगळवारी, बुधवारी सैल. सोमवारी, गुरुवारी ताठ. वार त्याच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. वार लक्षात ठेवूनच त्याचे आयुष्य गेले होते.

त्याने कुणाला काही विचारले नाही. विचारल्याने चोर सावध होतो. गाठींवर त्याने पेन्सिलीची बारीक खूण केली. दोराखाली आगकाडी उभी करून माप घेतले. एका गुरुवारी सकाळी टेबलाच्या पायांभोवती खडूची पूड भुरभुरली. संध्याकाळी पुडीत पावले उमटलेली होती. ताईची.

"बघ," त्याने बायकोला बोलावून दाखवले.

"अहो, वन्सं तिथे उभ्या राहून इस्त्री करतात. पाय काय खुंटीला टांगून ठेवतील?"

"दोराला हात कोण लावतं मग?"

"मला विचारू नका. आणि ती पूड पुसून घ्या, मी पुसणार नाही."

आता तो ताईकडे फाटकावरच्या नजरेने पाहू लागला. तो खोलीत आला की ती इस्त्री जरा बाजूला घेई, ते त्याने टिपले. स्वयंपाकघरातून येताना दाराशी तिची पावले लहान होत, तेही टिपले. ताईचा गुडघा दुखत असे आणि त्या दाराला उंबरठा होता, ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती. पण त्याने पुरावे जमवायला घेतले होते, आणि गुडघा त्यात बसत नव्हता. तिला खोली हवी आहे, असे त्याने मनाशी ठरवले. गलबत बिघडत गेले की मी कंटाळून ते हलवीन आणि टेबल तिचे होईल. गोष्ट अगदी बेमालूम जुळत होती. न घडलेल्या गोष्टी बहुधा अशाच जुळतात.

एका रविवारी सकाळी एक कप्पी कमी भरली. एकशे एकोणचाळीस. त्याने दोनदा मोजल्या, मग पुढच्या खोलीत गेला.

"ताई, पेटी उघड."

ताई उशीचा अभ्रा घालत होती. तिने त्याच्याकडे पाहिले. "कशाला?"

"उघड म्हटलं ना."

तिने पेटी पलंगावर ठेवली, कडी काढली आणि मागे सरली. "हात वर करू का?"

त्याची बोटे कामाला लागली होती. चार कपडे, एक शाल, मेलेल्या मेव्हण्याचा चष्मा, पत्रांचे एक पुडके, टाचण्यांची डबी, आणि तपकिरी दोऱ्याचे एक रीळ. कप्पी नव्हती. त्याने रीळ उचलले.

"हे कशाला लागतं?"

"लोकांच्या शर्टांची बटणं निघालेली असतात. लावून देते."

"माझ्या दोऱ्यासारखाच आहे."

"दोरा दोऱ्यासारखाच असणार."

फाटकावर तो एक नियम पाळत असे. ज्याच्याकडे काही निघाले नाही, त्याची पिशवी तो स्वतःच्या हाताने भरून परत देई. त्या दिवशी पेटीतले सामान पलंगावर पसरलेले तसेच राहिले. त्याच्या हिशेबी काहीतरी निघाले होते.

दुसऱ्या दिवशी तो कामावरून आला तेव्हा खिडकीपाशी इस्त्री नव्हती. बायको म्हणाली, "बाजाराच्या मागे ती मोठी लाँड्री आहे ना, तिथे काम धरलंय. वरच्या माळ्यावर दोघी-तिघी बायका राहतात, तिथेच राहणार म्हणाल्या."

"मी जा म्हटलं नव्हतं."

"नाही. तुम्ही फक्त पेटी उघड म्हणालात."

त्याने मागच्या खोलीला कारखान्यातले कुलूप लावले आणि किल्ली खिशात ठेवली. पुढचे तीन आठवडे दोर जसेच्या तसे राहिले. सोमवार आला, गुरुवार आला, पण एकही दोर हलला नाही. सैल होते तेवढे त्याने नीट ताणून, पक्क्या गाठी मारून बांधले. गलबत कधी नव्हे इतके देखणे दिसू लागले.

"बघितलंस?" तो बायकोला म्हणाला. "हात गेला, खोडी गेली."

बायकोने हातातली लहानशी वस्तू त्याच्यापुढे ठेवली. ती हरवलेली कप्पी होती. "तुमच्या विजारीच्या खालच्या घडीत होती. धुताना सापडली."

त्याने कप्पी उलटसुलट करून पाहिली. "जाताना तिनंच टाकली असणार तिथं," तो म्हणाला. त्याला बरेही वाटत नव्हते आणि तो हटतही नव्हता.

पुढे आठवडाभर आभाळ भरून राहिले. ऊन नाही, वारा नाही. बायकोने तीन घोंगड्या धुऊन ठेवल्या होत्या, त्या वाळायला जागा उरली नव्हती. "तुमची खोली उघडा, नाहीतर ओल्याच अंगावर घ्या," ती म्हणाली. त्याने सकाळी स्वतः खोली उघडली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधली आणि घोंगड्या स्वतःच्या हाताने टाकल्या. खिडकी लावली. कुलूप घातले, ओढून पाहिले, किल्ली खिशात टाकून तो कामावर गेला.

संध्याकाळी दार उघडल्याबरोबर ओल्या लोकरीचा उबट वास तोंडावर आला. खिडकीच्या काचेवर पाणी ओघळत होते. आणि गलबताची पुढची डोलकाठी धनुष्यासारखी मागे वाकली होती. तिच्या वरची आडवी काठी मधोमध मोडून दोरांत लटकत होती. त्याने एका दोराला बोट लावले. दोर टणत्कार करून थरथरला.

त्याने आधी कुलूप पाहिले. मग किल्ली पाहिली. मग खिडकीची खिटी पाहिली. आत कुणी आले नव्हते, कुणाला येताच आले नसते. मग चहात रंगवलेला दोन हात दोरा त्याने खिळ्याला बांधला, खालच्या टोकाला लोखंडी नट अडकवला आणि नट जिथे आला तिथे भिंतीवर रेघ ओढली. पाण्याच्या पेल्यात बोटे बुडवून वरून खालपर्यंत दोरा ओला केला आणि समोर स्टूल घेऊन बसला. नट हळूहळू वर सरकला. रेघेच्या वर बोटभर जाऊन थांबला.

सोमवार आणि गुरुवार. शिंपडलेले पाणी, इस्त्रीची वाफ, खिडकीत टांगलेले ओलसर शर्ट. ताई निघून गेली, खोली कोरडी पडली, आणि कोरड्या दोरांना त्याने स्वतःच गच्च ताणून ठेवले होते.

बायको दारात येऊन नटाकडे बघत होती. तिला काही सांगावे लागले नाही.

"उद्या रजा काढा," ती म्हणाली.

लाँड्रीत चार टेबले होती आणि वाफेने भिंतींचा रंग सुटला होता. ताई शेवटच्या टेबलावर चादरीच्या घड्या घालत होती. भावाला पाहून तिने हात थांबवले नाहीत.

"ताई, दोरा ओला झाला की आखडतो."

"हो."

"तुला माहीत होतं?"

"चाळीस वर्षं कपडे भिजवतेय. नवी सुती चादर पहिल्यांदा धुतली की वीतभर कमी होते. मला वाटलं, तुलाही माहीत असेल."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे?" तिने चादरीची कड जुळवली. "एकदा तरी म्हणायचंस, ताई, हे दोर असे का होतात. मी सांगितलं असतं."

त्याने टेबलावर हात ठेवला, मग काढून घेतला. "चुकलं माझं. घरी चल. टेबल तुला देतो, गलबत मी कपाटावर ठेवतो."

"टेबलाचं काय रे." ती पहिल्यांदाच थांबली. "तू चांगला आहेस. मला दोन घास जास्तच वाढशील आता. पण उद्या घरात काही मोडलं, काही दिसेनासं झालं, तर तू बोलणार काही नाहीस, फक्त माझ्या हातांकडे बघशील. इथे माडीवर आम्ही तिघी आहोत. एक घोरते, एक दिवसभर कुरकुरते. पण माझी पेटी उघडी असते."

"नाही बघणार," तो म्हणाला.

"बघशील रे," ताई म्हणाली. आवाजात राग नव्हता.

त्याने सगळे दोर उतरवले. मेणाचा नवा तुकडा आणला आणि हात हात दोरा ओढून घेतला. डाग पडले ते पडू दिले. मोडलेली काठी नवी केली. या कामाला चार महिने लागले. मग एका सुट्टीच्या दिवशी बायको स्वतः जाऊन ताईला जेवायला घेऊन आली. जेवणे झाली, इकडचे तिकडचे बोलणे झाले, लाँड्रीतल्या घोरणाऱ्या बाईवर तिघेही हसले.

"गलबत बघायचं ना?" त्याने विचारले आणि मागच्या खोलीचे दार उघडले. दाराला कुलूप नव्हते.

ताई उंबऱ्यापर्यंत आली. गलबत खिडकीच्या उजेडात होते, दोर सरळ, शिडे भरल्यासारखी.

"आत ये. हात लावून बघ. काही होत नाही आता."

"इथून दिसतंय," ताई म्हणाली. तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले होते. "छान झालंय. खरंच छान झालंय."

ती बराच वेळ तशीच उभी राहून बघत होती. मग निघाली. बायको तिला जिन्यापर्यंत पोचवायला गेली.

परत आली तेव्हा तो टेबलाशी वाकून एकेक दोर बोटाने दाबून बघत होता. त्याला ते आपण करतो आहोत हे कळलेही नसावे.

"निघालं काही?" बायकोने विचारले.

दोर बोटांत धरून तो तसाच वाकलेला राहिला. मान वर करून तिच्याकडे बघायची त्याची तयारी नव्हती.