रक्ताची बाटली नको

झुंबरबाई साळवे जेवण झाल्यावर कधी बसत नसत. राहुरीला विद्यापीठाच्या रस्त्यावर रोपांची नर्सरी आहे, तिथं त्या माझ्याबरोबर कामाला. दुपारी बाकीच्या बाया सावलीला आडव्या व्हायच्या आणि या डाळिंबाच्या रोपांमधून येरझाऱ्या घालत राहायच्या. बसलं की घशाशी आंबट यायचं, वाकलं की जास्तच, आणि पाठ टेकली तर ते आंबट पाणी श्वासात जाऊन खोकल्यानं जीव घाबरा व्हायचा. घरी भिंतीला गोधड्यांची चळत लावून त्या बसल्याबसल्याच झोपत. पिशव्यांत माती भरणं म्हणजे सगळं वाकायचंच काम. थोडा वेळ भरायच्या, उठायच्या, गेटापर्यंत जाऊन यायच्या. त्यांच्याकडं बघून आम्हालाच स्वस्थ बसवत नसे.

गोळ्यांवर काही वर्षं निघाली. मग चेहरा पांढरा पडायला लागला, गेटापर्यंत जाऊन आलं तरी धाप लागायची. नगरला दुर्बिणीनं तपासलं तेव्हा कळलं की जठराचा वरचा भाग छातीत सरकलाय, आणि तिथं घासून आतल्या आत थोडं थोडं रक्त जातंय. ऑपरेशनशिवाय इलाज नव्हता. झुंबरबाई म्हणाल्या, करा, पण मला रक्त लावायचं नाही.

साळव्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती. नवरा गेल्यावर झुंबरबाई यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाच्या सभांना जायला लागल्या आणि त्यांच्यातल्याच होऊन गेल्या. त्यांच्यात दुसऱ्याचं रक्त घेणं वर्ज्य. लेक पंकजा मात्र जुन्या चर्चलाच राहिली. पहिल्या सर्जननी सरळ सांगितलं, रक्ताला परवानगी नसेल तर मी हात लावणार नाही. त्यांचं तरी काय चुकलं? आधीच अंगात रक्त कमी, त्यात ही अट.

सभेतल्या लोकांनी डॉक्टर धनश्री गुंजाळ यांचं नाव सुचवलं. या बाईंनी झुंबरबाईंना एकटीला आत घेतलं, बाकी सगळ्यांना बाहेर काढलं, आणि तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का, हे फिरवून फिरवून विचारलं. मग ऑपरेशन समजावलं. पोट उघडायचं नाही. पाच लहान छिद्रं पाडायची, जठर खाली ओढायचं, छाती आणि पोटामधल्या पडद्याचं मोठं झालेलं भोक शिवायचं आणि जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळायचा, म्हणजे आंबट वर चढत नाही. अशात रक्त फारसं जात नाही. पण गेलंच तर? म्हणून आधी अंगातलं रक्त वाढवायचं. लोहाची सलाईनं झाली, इंजेक्शनं झाली. तपासणीचं रक्तसुद्धा लहान मुलांच्या बारक्या नळ्यांत घ्यायला लावलं. दोन-अडीच महिने असे गेले आणि झुंबरबाईंच्या ओठांवर रंग दिसायला लागला.

पंकजा श्रीगोंद्याला दिलेली. ऑपरेशनच्या आधी ती राहुरीला आली तीच धुमसत. पुढचं तिनंच मला नंतर सांगितलं. तिच्या बाळंतपणात तिचं खूप रक्त गेलं होतं, बाटल्या लावल्या म्हणून ती वाचली. झुंबरबाई तेव्हाही साक्षीदारच होत्या, पण दवाखान्यात त्या एका शब्दानं आडव्या आल्या नव्हत्या. पंकजाला तेच खात होतं.

"माझ्या टायमाला तू गप बसलीस," ती आईला म्हणाली. "लेकीला चालतं आन्‌ तुला न्हाई चालत?"

"तुझा जीव तुझा हुता, तू ठरिवलंस," झुंबरबाई म्हणाल्या. "माझं मला ठरवू दे."

"आन्‌ तू गेलीस तर?"

झुंबरबाई उठून अंगणात फेऱ्या घालू लागल्या. पंकजाही मागं मागं. मायलेकी बराच वेळ तशाच एकामागं एक चालत होत्या.

ऑपरेशनच्या सकाळी आईला आत न्यायच्या आधी पंकजानं डॉक्टरांना जिन्यात गाठलं. म्हणाली, मी रक्तपेढीत रक्त तयार ठेवलंय. ती बेशुद्ध असंल. लागलंच तर लावा, तिला कोन सांगायला जातंय?

डॉक्टर तिथंच थांबल्या. म्हणाल्या, "शुद्धीत असताना त्यांनी मला नाही म्हणून सांगितलंय. झोपवल्यावर मी त्यांच्याशी वेगळं वागू का?"

पंकजा म्हणाली, मग मी तिला आत जाऊच देत नाही. पण तोवर स्ट्रेचर निघालं होतं.

नंतरचे तास तिनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. चहा घेतला, तो तसाच बाकावर निवला. खाली रक्तपेढीच्या दारापर्यंत जायची, परत वर यायची. दोन तासांत होईल म्हणाले होते, ते टळून गेले. एक सिस्टर बाहेर आली, अजून वेळ लागेल एवढंच म्हणून आत गेली. पंकजानं दाराच्या काचेला कपाळ टेकून पाहिलं, आत नुसता रिकामा बोळ.

आत झालं होतं असं, की जठराशेजारच्या प्लीहेजवळची एक बारीक रक्तवाहिनी तुटली आणि आतलं दाखवणाऱ्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळं लाल झालं. डॉक्टरांनी जाळीच्या कापडाची घडी दाबून धरली आणि घाई न करता थांबून राहिल्या. मग धुऊन, शोधून, तिला चिमटा लावला. हे त्यांनी बाहेर येऊन काही न लपवता सांगितलं. गेलेलं रक्त झुंबरबाईंनी सोसलं, कारण आधी भरून घेतलं होतं. दोन-अडीच महिन्यांपूर्वी हेच झालं असतं तर?

शुद्धीवर आल्यावर झुंबरबाईंनी पहिलं विचारलं, "दिलं का?"

"न्हाई," पंकजा म्हणाली. मग तिला राहवेना. "पर मी डॉक्टरीनबाईला इचारलं हुतं. गुपचूप लावा म्हनून."

"म्हाईत हाय. तू इचारनारच. म्हनून मी बाईला आधीच इचारून ठेवलं हुतं, माझी लेक पाया पडली तर तू काय करशील."

पंकजाला रडू आलं आणि रागही आला. त्या दिवशी ती आईशी पुन्हा बोलली नाही. पेज मात्र तिनंच चमच्या-चमच्यानं पाजली.

झुंबरबाईंना काही आठवडे पातळच खावं लागलं, पोटात वारा धरायचा, ढेकर निघता निघत नसे. पण आंबट थांबलं. आता त्या नर्सरीत वाकून पिशव्या भरतात आणि दुपारी आमच्या ओळीत आडव्या होतात.

पंकजा परत निघाली त्या दिवशी झुंबरबाईंबरोबर मीही स्टँडवर गेले होते. गाडी लागली तरी ती पायरीपाशी घुटमळत होती. शेवटी म्हणाली, "आई, फुडं कदी असंच काय झालं तर?"

"तवाबी न्हाईच म्हनन," झुंबरबाई म्हणाल्या. "आन्‌ तू तवाबी भांडशील. बस आता, जागा जाईल."

पंकजा चढली. खिडकीची जागा मिळाली, पण ती बसेना. कंडक्टरनं घंटी दिली तरी दांडीला धरून, वाकून आईकडं बघत उभीच होती.