पयली गोळी पान्याची

नवेगाव बांधच्या ढिवर मोहल्ल्यात म्हाताऱ्या झाडूला कोणी मासेमार म्हणत नसे. म्हणायचे, चाऱ्याचा माणूस. गरीला, म्हणजे गळाला, आज काय लावायचं ते त्याला विचारल्याशिवाय लोक तलावावर जात नसत. पाणी गढूळ असलं की गांडूळ. थंडीत लाल मुंग्यांची अंडी. निवांत उन्हात कोतरी या बारक्या मासळीसाठी भाजलेला कोंडा घातलेल्या कणकेची ज्वारीएवढी गोळी, कारण कोतरीचं तोंड इवलंसं. मोठा घास दिला तर नुसती टोचून पळते. बायको रुख्माबाई म्हणायची, माझ्या तोंडाला काय रुचतं ते यांनी एवढं कधी पाहिलं नाही बाई.

मग त्याचं डोकं विसरायला लागलं. आधी नावं गेली, मग घराची वाट. मागल्या महिन्यात तो पहाटेच तलावात कमरेएवढ्या पाण्यात उभा सापडला. मुलगा योगराज सडक अर्जुनीच्या ढाब्यावर स्वयंपाकी. तो घरी आला तो लोखंडी कडी घेऊनच. रातच्याला दाराला बाहेरून लावायची म्हणे.

रुख्माबाई आडवी आली. माणूस आहे का बकरी, कोंडायला? तिचं म्हणणं एकच, घरात ते विसरतात, पाण्याकाठी नाही. त्यांना चारा निवडू दे, मग काय ते बोल. योगराजलाही मनातून तेच हवं होतं. त्याने कडी पिशवीत ठेवली आणि पिशवी सोबत घेतली.

तिघं काठावर गेली. रुख्माबाईने पळसाच्या पानांवर तिन्ही चारे मांडले. झाडूने पाण्याकडे पाहिलं, नाक वर केलं, थोडा थांबला आणि कणकेचा गोळा उचलला.

“कोतरी हाये,” तो म्हणाला.

ऊन निवांतच होतं. रुख्माबाईने पोराकडे वरमाईच्या तोऱ्यात पाहिलं.

त्यांच्या घरची रीत अशी, की पहिली गोळी गरीला लावायची नाही. ती पाण्याचा मान. झाडूने गोळी वळली, कपाळाला लावली आणि पाण्यात सोडली. “पयली गोळी पान्याची.”

मग दुसरी वळली. गरी मांडीशीच पडली होती. तीही गोळी कपाळाला लावली, सोडली. “पयली गोळी पान्याची.”

रुख्माबाईला वाटलं, आज मान जरा जास्तच. पण तिसरीही गेली, चौथीही. काठाशी कोतऱ्यांची झुंबड उडाली. फुकटचं जेवण कोणाला नको?

“अजी, झाली ना पयली,” ती हळूच म्हणाली.

झाडूने वळून पाहिलं. परक्या बाईला समजवावं तसं तो गोडीने म्हणाला, “बाई, पान्याले देल्याबिगर गरी टाकत नाई.”

उभा जन्म त्याने तिला ‘योग्याची माय’च म्हटलं होतं. बाई कधी म्हटलं नव्हतं.

योगराज त्याचा हात धरायला उठला. तिने त्यालाच खाली बसवलं. गोळा संपेपर्यंत पाणी आपला मान घेत राहिलं. मग झाडूने रिकामी गरी टाकली आणि पाण्याकडे डोळे लावून बसला.

“कडी लावजो बाबू,” रुख्माबाई म्हणाली. “पन मले बी आत ठेवून लावजो.”

“तू कायले, माय?”

“राती दार वाजवतीन ना ते. आत कोनी त असलं पायजे.”

योगराजने कडीची पिशवी उगाच मागे सरकवली.