मारबतीनं नेलेला पगार

साकोलीच्या अलीकडे डांबरी सडक सोडून कालव्याच्या पाळीनं आत आलं की आमचं गाव लागतं. तिथे कोणालाही ‘सरकार कुठे भेटेल?’ म्हणून विचारा, तो तुम्हाला थेट यादोरावच्या दारात नेऊन सोडील. यादोराव पाटबंधारे खात्यात चौकीदार. कालव्याचं गेट वर-खाली करायचं, एवढंच काम. पण गावात सरकारी पगार खाणारा तो एकटाच, म्हणून सारं गाव त्याला सरकार म्हणायचं आणि त्याला ते खरंच वाटायचं. खाकी सदरा वाळत घातला असला तर उघड्या अंगानं तो गेटला हात लावत नसे. मी भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी, त्यामुळे या सरकारचं घोरणंसुद्धा मी ऐकलेलं आहे.

मग जिल्हा फुटला. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा निघाला, खुर्च्या-टेबलांची वाटणी झाली, माणसांची झाली, आणि त्या गडबडीत यादोराव मधल्या मध्ये लटकला. इकडचं ऑफिस म्हणे, तुमचं नाव तिकडे गेलं. तिकडचं म्हणे, इथे आलंच नाही. भावाभावांच्या वाटणीत म्हातारा बैल असाच अडकतो. कामाला दोघांनाही हवा, चारा कोणीच टाकत नाही. यादोराव रोज गेटवर जात होता, पगार मात्र बंद. ‘सरकार बंद पडलं’ असं पानठेल्यावर सांगून हसायला लोकांना फार बरं वाटे. मलाही वाटे, खोटं कशाला बोलू.

त्याचा पोरगा निकेश फौजेत होता. तो तिकडे बर्फात, पण त्याची मनीऑर्डर आईच्या नावानं बिनचूक येई. पंचाईत अशी, की पोरगा निघाला त्या दिवशी यादोरावनं बसस्टँडवर साऱ्या गावासमोर सांगून ठेवलं होतं, "तुह्या पगाराले मी हात नाही लावनार. तो तुह्या लग्नासाठी. मी सरकारचा मानूस आहो, पोराच्या जिवावर नाही जगत." आता घरात तांदूळ होता, पण तेल-मीठ कुठून आणणार? आणि शब्द मोडला तर गावात तोंड कसं दाखवणार, या विचारानं त्याचा जेवणात जीव लागेना.

त्याच्या बायकोनं, धुरपतानं, तोड काढली. एक तारखेला ती ओसरीवर पाट टाकून बसली, मांडीवर मनीऑर्डरचे पैसे घेतले आणि म्हणाली, "निकेशचे बाबू, सदरा घालून या. पगार वाटून राहिली मी."

"पोराचा पैसा मी नाही घेत."

"पोरगा कोनाचा नोकर?"

"सरकारचा."

"अन् तुमी?"

"सरकारचाच."

"मंग खिसा एकच झाला ना. या खिशातून नाही निंगत तं त्या खिशातून घ्या. उसनवार समजा."

उसनवार म्हणजे खाणं नव्हे, अशी मनाची समजूत घालून यादोरावनं पैसे घेतले. पण पगार देणारी हजेरीही घेणारच. विहिरीचं पाणी भरलं नाही की खाडा. गोठ्यातलं शेण राहिलं की खाडा. तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात दिसला की दंड. इतक्या वर्षांच्या नोकरीत कोणत्या साहेबानं लावली नव्हती एवढी शिस्त त्या बाईनं महिन्याभरात लावली, आणि मी भिंतीपलीकडून मजा बघत होतो.

पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दारातल्या पळसाच्या डहाळ्या शिवेबाहेर नेऊन टाकतो आणि जे जे नको ते मोठ्यानं सांगतो: खोकला-खाज, माशा-मच्छर, घेऊन जा गे मारबत. ज्याचं नाव घ्याल ते मारबत उचलून नेते. यादोराव घरून घोकून आला होता, ‘पगाराचं झंझट घेऊन जा गे मारबत.’ पण ऐन शिवेवर चोरून भरलेला खर्ऱ्याचा तोबरा आडवा आला, झंझट पोटात गेलं, आणि तो खच्चून ओरडला, "पगार घेऊन जा गे मारबत!" मागून साऱ्या गावानं सवयीनं साथ दिली.

हसून हसून माझ्या कुशी दुखल्या. मग त्याचं तोंड पाहिलं. डहाळी हातातच धरून तो म्हणाला, "गड्या, मीच धाडला ना गा पगार." मला त्याची मनापासून कीव आली.

धुरपताला आली नाही. "पगार मारबतनं नेला, मी काहून देऊ आता?" म्हणून तिनंही वाटप बंद केलं. खर्ऱ्याचा दंड होताच.

थोड्या दिवसांनी कालव्यावर खात्याची जीप थांबली. आतल्या बाबूनं सांगितलं, "यादोराव, तुमचा पगार गोंदियाला गेला. तिथूनच उचला आता."

"कोनं नेला?" यादोरावनं दचकून विचारलं.

"वरूनच गेला," बाबू म्हणाला. कोणी नेला ते गावाला ठाऊक होतं.

खाकी सदरा घालून तो गोंदियाला गेला आणि थकलेला सारा पगार घेऊन आला. आधी त्यानं निकेशचे पैसे वेगळे काढून ओसरीवर पाट टाकून बसलेल्या धुरपताच्या ओटीत टाकले. "पोराचं पोराले," तो म्हणाला. शब्द राहिला होता. कित्येक दिवसांनी त्याची मान ताठ दिसली.

धुरपता पाटावरून उठली नाही. तिनं हात पुढे केला. "आता माहा."

"तुहा कोनता?"

"सरकार बंद होतं तवा चालवलं कोनं? माहा पगार कोन देईन?"

यादोराव हसायला गेला आणि थांबला. ती हसत नव्हती. लग्न होऊन आली तेव्हापासून ती हे घर चालवत होती, आणि एक तारीख तिला कधी आलीच नव्हती. त्यानं सदऱ्याच्या गुंड्या नीट लावल्या आणि तिच्या हातावर नोटा ठेवल्या.

आता दर एक तारखेला ती पाटावर बसते आणि तो तिला पगार देतो. गावात ‘सरकार’ म्हणून हाक मारली तर यादोराव वळतही नाही. उलट संध्याकाळी भिंतीपलीकडून त्याचाच आवाज येतो, "सरकार, चहा भेटन का?"

आणि सरकार आतून विचारतं, "पानी भरलं का?"